जुन्या ट्रॅक्टरचा घासदाणा

क्लच तळापर्यंत दाबलेला होता, तरी ट्रॅक्टर दोन हात पुढे गेला. बांधावर उभा असलेला बटाईदार ओरडला, दादाने ब्रेकवर उजवा पाय रोवला आणि इंजिन बंद केलं. मागे भूसा मशीनचा ढोल घरघरत राहिला आणि हळूहळू थांबला. पुढचं चाक बांधाच्या कडेला टेकलं होतं. बांधाखाली हरसी धरणाचा कालवा होता.

"क्लच दाबला होतास ना रे?" काकांनी विचारलं.

"दाबला होता हो, बाबा. अजून दाबलेलाच आहे."

एप्रिलचे दिवस, दुपारचे बारा, ग्वाल्हेर जिल्ह्यातलं भितरवारकडचं शेत. गव्हावर हार्वेस्टर फिरून चार दिवस झाले होते. शेतात गुडघ्याला लागतील अशी धसकटं उभी होती. इकडे त्यांना नरवाई म्हणतात. आमच्या घरचा जुना मॅसी १०३५ गावातल्या चौघांनी मिळून घेतलेल्या भूसा मशीनला पहिल्यांदाच जोडला होता. डबऱ्याहून आलेल्या मिस्त्रीने मशीनभोवती एक फेरी मारली, शाफ्टला हात लावला आणि एका वाक्यात निदान सांगितलं, "क्लच ठीक है. ढोल ढकेल रहा है ट्रैक्टर को."

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. शेतावरून परतल्यावर त्या संध्याकाळी मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गोरखीच्या कमानीपाशी बराच वेळ उभी होते. ट्रॅक्टर आणि भुसा डोक्यातून जात नव्हते. गोरखीत उभं राहून भुशाचा विचार करणं वाटतं तितकं विचित्र नाही, हे मला तिथेच उमगलं.

ज्यांना ग्वाल्हेर दुरून माहीत आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. महाराज बाडा, म्हणजे जयाजी चौक, हा लष्कर शहराचा मधला चौक. त्याच्या एका अंगाला गोरखी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि छावणीचं शहर झालं. शहराचं नावच लष्कर पडलं. १८७४ मध्ये जयविलास महाल होईपर्यंत शिंद्यांचा मुक्काम गोरखीच्या वाड्यात होता. घराण्याचं देवघर अजून तिथेच आहे. दसऱ्याला शिंदे घराण्याचे प्रमुख मराठा पोशाखात तिथे पूजेला येतात. पुढे त्याच आवारात सरकारी कचेऱ्या आल्या, शाळा आली. अटलबिहारी वाजपेयी त्या शाळेत शिकले, आणि आमचे काकाही तिथेच शिकले. मराठी कानाला 'गोरखी' हा शब्द 'गुराखी'च्या फार जवळचा वाटतो.

छावणी म्हटली की आपल्याला तलवारी आणि तोफा आठवतात. पण घोडदळाची छावणी चालते गवतावर. घोड्याला चंदी लागते, आणि चंदीच्या कितीतरी पट गवत. मराठ्यांच्या फौजा ज्या मुलखातून जात, तिथून वसूल होणाऱ्या पट्टीचं नावच 'घासदाणा' होतं. राज्याच्या हिशेबात घास हा शब्द दाण्याच्या आधी येतो, हे मला फार बोलकं वाटतं. त्याआधी १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत आधीच उधळलं तर पुढे घोडे मरतील, मग लोक रयतेच्या घरात शिरून गवताची काडीही ओढू लागतील, ही त्यातली काळजी. आणि दुसरी काळजी आगीची. रात्री दिवा जळत राहिला, उंदराने वात पळवली, तर गवताची गंजी पेटेल आणि सगळी पागा बुडेल. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा राजा सुक्या चाऱ्याकडे इतक्या बारकाईने बघत होता. आज मध्य प्रदेशात गव्हाची काढणी झाली की आपण तोच सुका चारा हाताने काडी लावून पेटवून देतो.

हे असं का झालं, ते ट्रॅक्टरच्या गोष्टीतूनच कळतं. ती गोष्टही गवतापासूनच सुरू होते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मध्य भारतातल्या काळ्या जमिनीवर कांस नावाचं गवत माजलेलं होतं. शरदात पांढरे तुरे येतात तेव्हा दिसायला सुंदर, पण मुळं इतकी खोल की बैलाच्या नांगराने ती निघत नाहीत. वर कापलं तर खालून पुन्हा फुटतं. गावंच्या गावं त्याने पडीक झाली होती. केंद्र सरकारने त्यासाठी सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेले अमेरिकी ट्रॅक्टर तिच्याकडे होते. मग सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, ते प्रामुख्याने याच कामाच्या अवजड ट्रॅक्टरांसाठी. भारताला या बँकेकडून मिळालेलं ते दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं. त्या वेळी ग्वाल्हेर ही मध्य भारत राज्याची हिवाळी राजधानी होती. या मुलखात ट्रॅक्टर आला तो गवत मारायला.

त्यानंतरची पायरी साऱ्या देशाची आहे. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६० च्या दशकात मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसन आणि मुंबईत महिंद्रांचा इंटरनॅशनल बी २७५ बनू लागला. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून २५ अश्वशक्तीचा २५११ काढला. १९७४ मध्ये पंजाबात स्वराज आला. या पिढीचे ट्रॅक्टर चंबळ-ग्वाल्हेर भागात अजून शेतात आहेत. एचएमटीने ट्रॅक्टरचं उत्पादन २०१६ मध्ये थांबवलं, पण तिचे ट्रॅक्टर थांबले नाहीत. २०२२–२३ या एका वर्षात देशात नऊ लाखांवर नवे ट्रॅक्टर विकले गेले, आणि त्यातला प्रत्येक नवा ट्रॅक्टर एका जुन्याला गोठ्याच्या मागे ढकलतो.

ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. बैल गेले तरी भुसा गेला नव्हता, कारण कापणी विळ्यानेच होती. चैत्र लागला की चैतुआ येत. बुंदेलखंडात आणि इकडे कापणीसाठी गावोगाव जाणाऱ्या मजुरांना हे नाव आहे. श्योपूर-शिवपुरीकडचे सहरिया आदिवासी कुटुंबं घेऊन निघत, पेंढ्या बांधत आणि मजुरी धान्यात घेत. मग पेंढ्या थ्रेशरमध्ये जात. थ्रेशर एका बाजूने गहू आणि दुसऱ्या बाजूने भुसा देत असे. दाणा आणि घास एकाच यंत्रातून, एकाच दिवशी. त्या यंत्राने किती हात खाल्ले, हेही सांगायला हवं. त्यासाठी संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचं नियमन करणारा कायदा करावा लागला. पण भुसा वाया जात नव्हता.

मग हार्वेस्टर आला. तो एका तासात दोन-तीन एकर उरकतो, लोंबी वरच्या वर कापून घेतो, खालचं काड उभंच ठेवतो आणि मळलेलं काड मागे ओळीत टाकून जातो. अवकाळी पावसाच्या धास्तीत असलेल्या शेतकऱ्याने त्याला बोलावू नये असं मी म्हणणार नाही. दाणा दोन दिवसांत घरी येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण हार्वेस्टरने दाणा आणि घास यांची फारकत केली, आणि पुढचं पीक घ्यायची घाई असलेल्याला ते काड म्हणजे अडचण वाटू लागली. काडी लावली की अर्ध्या तासात शेत मोकळं. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर मध्य प्रदेशात दोन एकरांपर्यंत २,५०० रुपये, दोन ते पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्याहून जास्त जमिनीला १५,००० रुपये असा दंड ठरला. जिल्हाधिकारी दर हंगामात मनाईचे आदेश काढतात. तरी नरवाई जळते. चैत्र-वैशाखात रात्री झाशीच्या रस्त्याने या, दोन्ही बाजूंना लाल रेघा सरकताना दिसतात.

गाईला मात्र काहीच उरत नाही. झाशीला १९६२ पासून भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे, ग्वाल्हेरपासून शंभर किलोमीटरवर. तिच्या अंदाजानुसार देशात सुक्या चाऱ्याची तूट सुमारे २३ टक्के आहे, हिरव्याची ११ टक्क्यांच्या आसपास. एका बाजूला ही तूट, दुसऱ्या बाजूला जळणारं काड, आणि मधे रस्त्यावर सोडून दिलेल्या गाई. या गाई रात्री उभ्या पिकात शिरतात म्हणून शेतकरी थंडीत मचाणावर जागतो. ज्याने काड जाळलं तोच पुढच्या हिवाळ्यात भुकेल्या गाईंना हाकलत बसतो. ग्वाल्हेरच्या मुरारकडे लाल टिपाऱ्याला महापालिकेची गोशाळा आहे. तिथे सुमारे दहा हजार गोवंश आहे आणि २ ऑक्टोबर २०२४ ला तिथे रोज शंभर टन शेणापासून बायो-सीएनजी बनवणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. एका गाईला दिवसाला चार किलो सुका चारा धरला, तरी एकट्या त्या गोशाळेला रोज चाळीस टन हवा. शेण पुढचं, आधी भुसा.

या तुटीवरचा सगळ्यात हाताशी असलेला उपाय म्हणजे ती भूसा मशीन, सरकारी कागदावर स्ट्रॉ रीपर. पुढे सुमारे सात फुटांचा कापणीचा दांडा, त्यावर काड आत ओढणारी फिरकी, आत पात्यांचा जड ढोल, खाली जाळी आणि मागे पंखा. पंखा भुसा उडवून मागच्या ट्रॉलीत फेकतो. ट्रॉलीवर चहूबाजूंनी जाळी बांधलेली असते. तासाला साधारण एक एकर होतो. शेतातल्या काडापैकी निम्म्याच्या वर भुसा हाती येतो आणि हार्वेस्टरने सांडलेला थोडा गहूही खालच्या पेटीत जमतो. तो गहू काकू वेगळा काढून ठेवतात. त्यावर बटाईदाराचा आणि आमचा निम्मा निम्मा हक्क.

हे यंत्र ३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालतं. त्यासाठी नवा ट्रॅक्टर घेणं म्हणजे वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांच्या कामासाठी लाखो रुपये गुंतवणं. पेरणी, नांगरणी, मंडीची ओढ यांत नवा ट्रॅक्टर गुंतलेला असतो. जुना मात्र एप्रिलात मोकळा असतो. माझं म्हणणं इतकंच आहे: जुन्या ट्रॅक्टरची जागा भंगारात नाही, या मशीनपुढे आहे. फक्त त्याला नव्यासारखा समजून जोडलात तर तो कालव्यात नेईल.

मिस्त्रीच्या वाक्याचा अर्थ आता सांगते, कारण तो कळल्याशिवाय कोणी जुना ट्रॅक्टर अशा कामाला लावू नये.

ट्रॅक्टरच्या मागे, दोन मोठ्या चाकांच्या मधे एक आखूड लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो. त्याचं नाव पीटीओ. व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, त्यावर सहा उभ्या खाचा, आणि मिनिटाला ५४० फेरे. हे मोजमाप ठरवण्याचं काम अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांनी १९२० च्या दशकात सुरू केलं आणि ते जगाने उचललं. म्हणून १९८० च्या आसपासचा ट्रॅक्टर आणि कालपरवा बनलेलं मशीन कुठलीही ओळखदेख नसताना एकमेकांत बसतात. शेतीच्या यंत्रांत इतकी शहाणपणाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

पण खाचा जुळल्या म्हणजे सगळं जुळलं असं नाही. एकेरी क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद आधी क्लचमधून गिअरपेटीत येते आणि तिथून चाकांना आणि पीटीओला वाटली जाते. क्लच दाबला की इंजिन सुटतं. पण ढोल, गिअरपेटी आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. ढोल जड, पूर्ण वेगात फिरणारा. त्याचा जोर उलटा गिअरपेटीत येतो आणि चाकांना ढकलतो. चालकाला वाटतं आपण थांबवलं, आणि मागचं यंत्र ट्रॅक्टर हाकत असतं. गवत दाबून गठ्ठे बांधणाऱ्या बेलरचं चाक तर याहून जड. तिकडे अमेरिका-युरोपात जुन्या ट्रॅक्टरवर गवताचं काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिढ्या हा धडा शिकल्या आहेत.

यावर उपाय दोन. पहिला, दुहेरी क्लच. त्यात अर्धा दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो, पूर्ण दाबला की दोन्ही थांबतात. चालू पीटीओची ही कल्पना १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या कॉकशट कंपनीने ट्रॅक्टरवर आणली. काड दाट आलं आणि ढोल तुंबला, तर पुढे जाणं थांबवून ढोलाला ते पचवायला वेळ देता येतो. एकेरी क्लचवर ते जमत नाही: थांबायला गेलं की ढोलही मंदावतो आणि आतलं काड घट्ट बसतं. मग मशीन बंद करून हाताने उपसायचं. पण जुन्या ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध फोडायचा. खर्च मोठा.

दुसरा उपाय स्वस्त. पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने पकडणारा जोड बसवायचा. सायकलचं फ्री-व्हील जसं पायडल थांबलं तरी चाकाला फिरू देतं, तसंच हे. ट्रॅक्टर ढोलाला फिरवू शकतो, ढोल ट्रॅक्टरला फिरवू शकत नाही. मिस्त्रीने आठवड्यात तो आणून बसवला. या जोडामुळे दांडा काही बोटं लांबतो, म्हणून मागचा सरकता शाफ्ट तेवढा कमी आहे ना ते बघावं लागतं. नाही तर वळणावर शाफ्ट दोन्हीकडे टेकतो आणि पीटीओचं बेअरिंग फोडतो. आणखी एक, हा जोड लागल्यावर पीटीओ बंद केला तरी ढोल आपल्या मस्तीत बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही.

वेगाचंही तसंच. ५४० फेरे मिळायला इंजिन त्याच्या ठरलेल्या वेगावर ठेवावं लागतं. डिझेल वाचवायला गॅस कमी केला की पाती मंदावतात, भुशाच्या जागी लांब काड्या येतात आणि गाय त्या चाळून बाजूला सारते. म्हणजे इंजिन जोरात, पण चाल मंद. ताशी दोन-तीन किलोमीटर. जुन्या मॅसीला पुढचे सहाच गिअर, त्यामुळे मधली चाल निवडायला वाव कमी. दाट गव्हात दादा पहिल्या लो गिअरवरच राहतो आणि दांड्याची पूर्ण रुंदी न घेता पाऊण रुंदीच घेतो. वेळ जास्त लागतो, पण ३५ अश्वशक्तीला तो घास झेपतो.

मग धूळ. एप्रिलातल्या वाऱ्यात भुशाची धूळ रेडिएटरच्या जाळीवर गोधडीसारखी बसते आणि इंजिन तापतं. दर दोन फेऱ्यांनी जाळी झाडायची. जुन्या ट्रॅक्टरचा हवा गाळणारा डबा तेलाचा असतो. एरवी आठवड्याने बघितला तरी चालतो, भुशाच्या कामात रोज संध्याकाळी उघडून गाळ काढायचा आणि तेल बदलायचं. हे केलं नाही तर ती धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि हंगाम संपता संपता ट्रॅक्टर निळा धूर टाकू लागतो. लोक म्हणतात, भुशाने ट्रॅक्टर खाल्ला. खरं म्हणजे न उघडलेल्या डब्याने खाल्लेला असतो.

आगीची काळजी महाराजांच्या पत्रातलीच, फक्त उंदराच्या जागी बेअरिंग आलं. वंगण नसलेलं बेअरिंग तापतं, सायलेन्सरवर भुसा साचतो, एखादी ठिणगी उडते आणि मागे जाळीभर सुका भुसा असतो. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि ओलं पोतं हवंच. जाळीची उंच ट्रॉली विजेच्या तारेखालून नेताना खाली उतरून बघायला हवं.

आणि सगळ्यात वाईट तो शाफ्ट. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. वीतभर घेराचा उघडा शाफ्ट सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. गमछ्याचं टोक, धोतराचा सोगा, ओढणी, साडीचा पदर. माणसाला 'अरे' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात संपतं. शाफ्टवर न फिरणारं प्लॅस्टिकचं आवरण असतं ते याचसाठी. आमच्या मशीनवर ते नव्हतं. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, सगळे काढूनच टाकतात, वंगण द्यायला अडचण होते. मशीनची किंमत लाखांत आणि त्यात हा तुकडा नाही. मला अजूनही या उत्तराचा राग येतो. त्या मशीनभोवती दिवसभर सात-आठ माणसं वावरतात, त्यांत बटाईदाराची बायको आणि मुलगीही असतात.

माणसांचा विषय निघाला म्हणून मराठी वाचकाला एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली संप केला. त्यांची एक मुख्य मागणी गवताची होती: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या त्या गवतासाठी ते जवळजवळ फुकट राबत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो काळ लिहून ठेवला आहे. चारा हा नेहमीच कोणाच्या तरी पाठीवरून येत आला आहे. चैतुआंचं काम हार्वेस्टरने घेतलं, आणि भूसा मशीन ते परत देत नाही. पण ट्रॉली रिकामी करायला, भुसा रचायला, जाळी बांधायला माणसं लागतात, आणि या कामाची मजुरी आमच्या गावात अजून 'जे होईल ते' अशी ठरते. ती आधी ठरवून, रोख द्यायला हवी. धुळीसाठी तोंडाला बांधायला कापड आणि प्यायला पाणी हे मागावं लागू नये.

डबरा-भितरवारकडे आता भातही मोठा आहे. त्याचं काड भूसा मशीनला तसं मानवत नाही आणि गाई-म्हशींनाही गव्हाइतकं रुचत नाही, कारण त्यात सिलिका जास्त. २०२४ च्या खरिपानंतर भाताचं काड जाळण्याच्या उपग्रह-नोंदींत मध्य प्रदेश पंजाबच्याही पुढे गेला. तिथे बेलर लागतो. आधी दाताळ्याने काड ओळीत ओढायचं, मग बेलरने गठ्ठे. ओळीत ओढण्याचं काम २५ अश्वशक्तीचा म्हातारा एचएमटीसुद्धा हसत करतो, कारण त्यातली कित्येक दाताळी जमिनीवर घासत आपोआप फिरतात, पीटीओ लागतच नाही. बेलर मात्र ताकदीच्या ट्रॅक्टरला द्यावा. काड पुरतं वाळल्याशिवाय गठ्ठा बांधू नये. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो आणि फार ओला असेल तर रचलेल्या जागी पेटतोही.

गव्हाच्या भुशात प्रथिनं तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पोट भरतं पण दूध वाढत नाही. शंभर किलो भुशावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लॅस्टिकखाली एकवीस दिवस बंद ठेवायचं. उघडल्यावर वास जाईपर्यंत पसरायचं. प्रथिनं दुपटीच्या वर जातात. हे पशुवैद्यकीय ज्ञान नवं नाही, गावात पोचलेलं मात्र नाही. युरिया मोजूनच घालायचा, अंदाजाने घातला तर जनावर दगावतं.

गेल्या एप्रिलात आमच्या चौघांच्या शेतातून निघालेला भुसा गोठ्याला पुरून उरला. उरलेल्या ट्रॉल्या ग्वाल्हेरकडे विकल्या गेल्या. ट्रॅक्टरचा वर्षाचा तेलपाण्याचा खर्च त्यातून निघाला, आणि ते चार तुकडे जळाले नाहीत. शेजारच्या आठ-दहा शेतांत आग लागली होती. दोघांनी आता मशीनसाठी नाव लावलं आहे. ज्यांना विकत घेणं शक्य नाही त्यांना कस्टम हायरिंग केंद्रातून भाड्याने मिळतं, पण तिथे हंगामात रांग असते.

काकांना परवा मी विचारलं, ट्रॅक्टर विकायला काढला होता तो विचार अजून आहे का. ते म्हणाले, "अगं, गोरखीत शिकत होतो तेव्हा बाड्यावरून भुशाच्या बैलगाड्या जाताना बघितल्या आहेत मी. आता आमच्या म्हातारीच्या मागून भुसा जातोय. राहू दे तिला." जुन्या मॅसीला ते म्हातारी म्हणतात.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा इकडे गव्हाची पेरणी सुरू झालेली असेल. कापणीला पाच महिने आहेत. तुमच्या किंवा तुमच्या माहेरच्या, आजोळच्या गोठ्यामागे असा जुना ट्रॅक्टर उभा असेल, मग तो विदर्भात कडबा कुट्टीला जोडायचा असो की माळव्यात भूसा मशीनला, तर त्याचा क्लच एकेरी आहे की दुहेरी ते मिस्त्रीला विचारून घ्या, एकेरी असेल तर फ्री-व्हील बसवा, आणि शाफ्टवर आवरण नसेल तर ते येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका.